शोतेन कसं बघावं: आधी माणसं, मग शब्द

जपानी भाषा शिकायला घेतलेल्या किंवा नोकरीनिमित्त जपानात आलेल्या मराठी माणसाला मी एकच गृहपाठ देतो. रविवारी संध्याकाळी साडेपाचला निप्पोन टीव्ही लावायचा आणि अर्धा तास ‘शोतेन’ हा विनोदी कार्यक्रम बघायचा. पहिल्या रविवारी काहीच कळणार नाही. चौथ्या रविवारी एखाद्या वाक्यावर हसू येईल, आणि ते का आलं हे बायकोला सांगताना दहा मिनिटं जातील. त्या दहा मिनिटांत जेवढं जपान कळतं तेवढं पाठ्यपुस्तकाच्या एका प्रकरणात कळत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची जपानी करमणुकीच्या कार्यक्रमांशी पहिली ओळख ‘ताकेशीज कॅसल’ने झाली. शाळेतून आल्यावर पोगो चॅनल, जावेद जाफरीचं हिंदी समालोचन आणि चिखलात पडणारी माणसं. तो कार्यक्रम जपानात 1986 ते 1989 या काळात चालला, आपल्याकडे बऱ्याच उशिरा पोहोचला. त्यामुळे जपानी व्हरायटी शो म्हणजे धावणं, घसरणं, आपटणं, अशी एक समजूत डोक्यात बसली आहे. शोतेनमध्ये कुणी धावत नाही. सहा माणसं किमोनो घालून रांगेत मांडी घालतात, तीसुद्धा जपानी पद्धतीने, पाय मुडपून. सातवा माणूस प्रश्न विचारतो. चांगलं उत्तर दिलं तर बुडाखाली एक गादी वाढते, वाईट दिलं तर काढून घेतात. हे 15 मे 1966 पासून चालू आहे.

पहिली पायरी: वेळ धरा

जपानात राहत असाल तर प्रश्नच नाही, घरात टीव्ही असला की झालं. जुने भाग बघायचे असतील तर बीएस निप्पोन टीव्हीवर ‘नात्सुकाशी-बान’, म्हणजे आठवणीतले भाग, दाखवतात. भारतात बसून बघणं अवघड आहे, कारण जपानी वाहिन्यांची मोफत ॲप्स देशाबाहेर उघडत नाहीत. तुमचा कुणी नातेवाईक किंवा मित्र तिकडे असेल तर सुट्टीत जाल तेव्हा त्याच्याकडे दोन रविवार काढा. तोवर राकुगोपासून सुरुवात करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

वेळ का महत्त्वाची, हेही ऐका. साडेपाचला शोतेन आणि साडेसहाला दुसऱ्या वाहिनीवर ‘साझाए-सान’ ही 1969 पासून चाललेली कार्टून मालिका, हा जपानी घरातला रविवारचा शेवट आहे. स्वयंपाकघरात कुकरवर भात लागलेला, आजोबा टीव्हीसमोर, बाहेर अंधारायला लागलेलं. उद्या सोमवार, ही हुरहुर पोटात गोळा होऊन बसते, तिला तिथे ‘साझाए-सान सिंड्रोम’ असंच म्हणतात. शोतेन त्या हुरहुरीच्या बरोबर आधीचा अर्धा तास आहे. रेकॉर्ड करून मंगळवारी बघितलं तर विनोद तेवढेच राहतात, पण ती वेळ हातची जाते.

दुसरी पायरी: अर्ध्या तासाचा आराखडा

सुरुवातीचं संगीत नाकामुरा हाचिदाई यांचं. जगभर गाजलेलं ‘उए ओ मुइते अरुको’ हे गाणंही त्यांनीच स्वरबद्ध केलं होतं. शोतेनच्या धूनच्या शेवटी ‘पाफ’ असा एक आवाज येतो. जुन्या रिक्षाला रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा असायचा ना, तसाच. जपानात कुणापुढेही ती धून गुणगुणून शेवटी थांबलात तर समोरचा माणूस तो ‘पाफ’ स्वतः म्हणतो. मी ऑफिसात हे करून बघितलं आहे.

पहिल्या भागात पाहुणे कलाकार असतात: जादूगार, मान्झाई म्हणजे दोघांची झटपट विनोदी जुगलबंदी करणारी जोडी, कधी नकलाकार. हा भाग सोपा आहे, डोळ्यांनीच कळतो. तुमचं लक्ष दुसऱ्या भागाकडे हवं. त्याचं नाव ओओगिरी. सूत्रधार एकेक करून तीन प्रश्न देतो, सहाजण हात वर करतात, तो नाव घेतो, उत्तर येतं, प्रेक्षक हसतात, सूत्रधार निवाडा करतो. बस, एवढंच.

ओओगिरी हा शब्द मुळात रंगभूमीवरचा. दिवसाचा खेळ संपताना जो शेवटचा तुकडा व्हायचा त्याला तो लावत. शोतेन इतकी वर्षं चाललं की आता जपानात ओओगिरी म्हटलं की प्रश्न आणि गमतीदार उत्तर, हाच अर्थ लोकांना आधी आठवतो.

तिसरी पायरी: माणसं ओळखा

नवखे लोक इथे चुकतात. ते शब्दकोश उघडून विनोद समजून घ्यायला जातात. शब्द नंतर. आधी ही माणसं कोण आहेत ते शिका, कारण शोतेनमधले निम्मे विनोद त्या माणसांबद्दलच असतात.

सगळे जण राकुगोकार आहेत. राकुगो म्हणजे एकट्याने गादीवर बसून सांगायची विनोदी कथा. हातात एक घडीचा पंखा आणि एक सुती रुमाल, दुसरं काही नाही. पंखा कधी नूडल्स खायच्या काड्या होतो, कधी तलवार, कधी लेखणी. मान डावीकडे वळली की नवरा, उजवीकडे वळली की बायको. आपल्या कीर्तनाच्या उत्तररंगात एकच बुवा राजा, राणी आणि प्रधान उभे करतात, ते ज्याने ऐकलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

नावांची रीत समजून घ्या. सान्युतेई, हायाशिया, कात्सुरा, शुनपुतेई, तातेकावा ही आडनावं जन्माची नव्हेत. ती घराणी आहेत, आपल्या ग्वाल्हेर किंवा किराणा घराण्यासारखी. शिष्य गुरूच्या घरी उमेदवारी करतो, गुरू त्याला नाव देतो. थोर नावं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पाचवे सान्युतेई एन्राकु 1983 ते 2006 शोतेनचे सूत्रधार होते. त्यांचा शिष्य राकुतारो हा त्याच रांगेत बसायचा. गुरू गेल्यानंतर 2010 मध्ये तो सहावा एन्राकु झाला. मराठीत आपण ‘गादी चालवणे’ म्हणतो. इथे तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

किमोनोचे रंग पाठ करा. ते दर आठवड्याला बदलत नाहीत, प्रत्येकाचा आपला रंग असतो. फिकट निळा, जपानीत ‘पाण्याचा रंग’, म्हणजे सान्युतेई कोयुझा. गुलाबी म्हणजे सान्युतेई कोराकु. केशरी म्हणजे हायाशिया ताईहेई. यातल्या केशरीची कथा मला फार आवडते. तो आधी हायाशिया कोन्पेई यांचा रंग होता. निइगाता प्रांतातल्या आपल्या गावाचं नाव मोठ्याने ठोकून स्वतःची ओळख करून देणारे, दणदणीत आवाजाचे गृहस्थ. 2004 मध्ये ते आजारी पडले. त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य ताईहेई तात्पुरता बसला आणि 2006 पासून कायमचा झाला. रंग तोच राहिला. गुरूचा रंग अंगावर घालून दर रविवारी गुरूच्या जागेवर बसायचं, हे एवढ्या मोकळेपणाने हसवणाऱ्या माणसाने कसं पेललं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आता प्रत्येकाचं ठरलेलं सोंग. हेही पाठच करायचं.

कोयुझा म्हणजे ओत्सुकी. टोकियोच्या पश्चिमेला यामानाशी प्रांतात डोंगरात वसलेलं त्यांचं गाव. ताईहेई म्हणजे सायतामा प्रांतातलं चिचिबु. या दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. एक म्हणतो तुझं गाव इतकं मागासलेलं की काय सांगू, दुसरा म्हणतो तुझ्या डोंगरात माणसांपेक्षा अस्वलं जास्त, अशा धर्तीवर. वऱ्हाड आणि पुणे, किंवा कोकण आणि घाट यांच्यात जी थट्टा चालते तीच जात. ती ओळखू आली की अर्धा कार्यक्रम कळला.

कोराकु म्हणजे काम न मिळणारा माणूस. वास्तवात ते उत्तम आणि मानाचे कलाकार आहेत, पण शोतेनमध्ये त्यांना कुणी बोलावत नाही, त्यांच्या घरात पैसा नाही, हे ठरलेलं.

पिवळा किमोनो हायाशिया किकुओ यांचा होता. 1969 पासून मार्च 2024 पर्यंत त्यांनी ती जागा सांभाळली. राकुगोत येण्याआधी ते व्यंगचित्रकाराच्या हाताखाली शिकत होते. शोतेनमधली त्यांची भूमिका भाबड्या मूर्खाची. प्रश्न काहीही असो, उत्तर शेवटी त्यांच्या स्वतःच्या नावाच्या रामेन नूडल्सपाशी येणार, आणि बाकीचे पाच जण ते रामेन किती बेचव आहे हे सांगणार. 2007 मध्ये त्यांनी आपलं जुनं किकुझो हे नाव मुलाला दिलं आणि स्वतः किकुओ झाले. जुने भाग बघताना नाव वेगळं ऐकू आलं तर गोंधळू नका, माणूस तोच.

आणि जांभळा. सहावे एन्राकु. जपानीत ‘काळ्या पोटाचा’ म्हणजे मनात कपट ठेवणारा, हे त्यांचं सोंग. राजकारणावर सगळ्यात धारदार बोलायचे ते. पण त्यांचं खरं नातं होतं कात्सुरा उतामारू यांच्याशी. उतामारू योकोहामाचे, पहिल्या भागापासून कार्यक्रमात, 2006 ते 2016 सूत्रधार. सडपातळ, टक्कल पडलेले, घरी बायको फुजिको यांना घाबरून असलेले, असं सोंग. एन्राकु दर आठवड्याला त्यांच्या टकलावर, वयावर आणि मरणावर विनोद करायचे. उतामारू तेवढ्याच शांतपणे त्यांच्या सगळ्या गाद्या काढून घ्यायचे.

आपल्याला इथे पहिला धक्का बसतो. ज्येष्ठ माणसाच्या तोंडावर त्याच्या मरणाची थट्टा? आपल्याकडे असं बोललं तर आजी म्हणेल, शुभ बोल रे नाऱ्या, अभद्र बोलू नकोस. मलाही सुरुवातीला ते झेपेना. मग हळूहळू लक्षात आलं की चेंडू फेकणाऱ्याला पलीकडचा तो झेलणार याची खात्री आहे. उतामारू एका वाक्यात तो चेंडू परत करायचे आणि टाळ्या त्यांनाच मिळायच्या. म्हणजे एन्राकु दर रविवारी त्यांना हशा मिळवून देत होते. 2 जुलै 2018 ला उतामारू गेले, तेव्हा एन्राकु यांनी त्यांना त्याच ‘म्हाताऱ्या’ या शब्दाने हाक मारून निरोप दिला. 30 सप्टेंबर 2022 ला एन्राकु स्वतः गेले. जुने भाग बघाल तेव्हा या दोघांचेच आधी बघा.

सध्या सूत्रधार आहेत शुनपुतेई शोता, मे 2016 पासून. ते टोकियोतल्या एका मोठ्या राकुगो संस्थेचे अध्यक्षही आहेत, उतामारू यांच्यानंतर ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचं सोंग होतं लग्न न जमलेल्या माणसाचं, आणि मग 2019 मध्ये त्यांनी खरंच लग्न केलं. त्यामुळे 2019 आधीचा भाग असेल तर ‘बायको नाही’ या विनोदाची वाट बघा. रांगेत आता कोयुझा, कोराकु, ताईहेई यांच्यासोबत 2022 मध्ये आलेले कात्सुरा मियाजी, 2023 मध्ये आलेले शुनपुतेई इचिनोसुके आणि 2024 मध्ये आलेले तातेकावा हारेनोसुके बसतात. हारेनोसुके यांचं घराणं लक्षात ठेवा: शोतेनचे पहिले सूत्रधार तातेकावा दान्शी. टीव्हीवर ओओगिरी करावी ही कल्पना त्यांचीच.

या सहा जागांवर एकही स्त्री नाही, हे मला खटकतं. पाहुण्या म्हणून स्त्री राकुगोकार येऊन गेल्या आहेत, राकुगोत आज उत्तम स्त्री कलाकार आहेत. बायकोच्या धाकाचे विनोद बायकोच्या बाजूनेही ऐकायला मिळावेत असं वाटतं.

चौथी पायरी: गाद्यांचा हिशेब

झाबुतोन म्हणजे बसायची चौकोनी गादी. चांगल्या उत्तराला एक, फार चांगल्याला दोन, कंटाळवाण्याला किंवा सूत्रधाराचा अपमान केल्यास वजा. दहा झाल्या की बक्षीस. बक्षिसाची जाहिरात मोठी असते, प्रत्यक्ष हातात येते ती बहुधा शब्दाची कोटी केलेली एखादी फालतू वस्तू. म्हणून कुणी जिंकण्यासाठी खेळत नाही. आठ-नऊ गाद्यांवर डुगडुगत बसलेला माणूस पुढच्याच उत्तरात सूत्रधाराला डिवचतो, ते सगळं घालवण्यासाठीच.

गाद्या आणणारा, नेणारा माणूस म्हणजे लाल किमोनोतले यामादा ताकाओ, 1984 पासून. सूत्रधार म्हणतो, ‘यामादा-कुन, झाबुतोन इचिमाई!’ म्हणजे एक गादी दे. हे वाक्य जपानात कुठेही म्हणता येतं. जेवणाच्या टेबलावर कुणी चांगला विनोद केला तर मोठ्याने म्हणा, सगळे खूश होतात. यामादा लहानपणी शोतेनच्याच मुलांच्या ओओगिरीतून पुढे आले, त्या मुलांचा मग एक गाण्याचा गटही झाला. त्यांची थट्टा केली तर ते गाद्या काढता काढता माणसालाच ढकलून देतात.

प्रत्यक्ष गादी मला शेजारच्या आजींनी दाखवली. मी तिला आपल्याकडच्या सोफ्याच्या उशीसारखं कसंही टाकून त्यावर बसलो होतो. त्यांनी मला उठवलं, गादी उलटून तिच्या कडा दाखवल्या. तीन बाजूंना शिवण होती, चौथी बाजू नुसती कापडाची घडी. ती शिवण नसलेली बाजू पुढे यायला हवी. मध्यभागी दोऱ्याचा एक गोंडा, आतला कापूस सरकू नये म्हणून. राकुगोच्या रंगमंचावरही ती बिनशिवणीची कड प्रेक्षकांकडे ठेवतात. कलाकार आणि प्रेक्षक यांच्यातला धागा तुटू नये, हा त्यामागचा भाव. दोन कलाकारांच्या मध्ये ती गादी उलटून ठेवण्याचं काम सगळ्यात नवख्या शिष्याचं. त्या दिवसापासून मी गादीची कड बघितल्याशिवाय बसत नाही.

पाचवी पायरी: शब्दांना हात घाला

आता शब्द. जपानी भाषेत ध्वनी मोजकेच, त्यामुळे एकाच उच्चाराचे शब्द ढीगभर. ‘हाशी’ म्हणजे पूल, जेवायच्या काड्या आणि कड. ‘कुमो’ म्हणजे ढग आणि कोळी. ‘काएरू’ म्हणजे बेडूक, आणि ‘घरी परतणे’सुद्धा. शोतेन या खाणीवर जगतं.

सुरुवात नाझोकाके या शब्दकोड्यापासून करा, कारण त्याचा साचा पक्का आहे. तीन ओळी. पहिली: ‘अमुक अशी गाठ मारतो.’ दुसरी: ‘तमुक म्हणून ती सोडवतो.’ मग सूत्रधार विचारतो, ‘सोनो कोकोरो वा?’ म्हणजे त्यातलं मर्म काय? तिसरी ओळ म्हणजे दोन्हीला लागू पडणारा एकच उच्चार. बेडकाची गाठ मारतो, ऑफिस सुटलेला माणूस म्हणून सोडवतो. मर्म? दोघेही ‘काएरू’. शिकाऊ माणसाला एवढंही पुरतं. उत्तर तयार झालं की ‘तोतोनोइमाशिता’, म्हणजे जमलं, असं म्हणायची फॅशन 2010 च्या सुमारास एका विनोदी जोडीने आणली.

आपल्या कानाला हे परकं नाही. लग्नात नाव घेताना दोन ओळींत यमक जुळवणारी भाषा आपली, तमाशातले सवाल-जवाब आपले, शाहिरी भेदिकातली कोडी आपली. म्हणून जपानी नाझोकाके समजायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे आधी मराठीत करून बघणं. मी असा केला:

पतंग उडवणाऱ्या पोराची गाठ मारतो, लग्नाच्या मुलीचा बाप म्हणून सोडवतो. मर्म? दोघंही दिवसभर ‘वर’ बघत फिरतात.

किंवा: हस्तरेषा बघणाऱ्या ज्योतिषाची गाठ मारतो, प्राप्तिकर अधिकारी म्हणून सोडवतो. मर्म? दोघांचा डोळा आपल्या ‘करा’वर.

किंवा: भाजी मंडईची गाठ मारतो, कीर्तन म्हणून सोडवतो. मर्म? ‘भाव’ उतरला की गर्दी वेगळी वागते. हा तिसरा थोडा ओढून-ताणून आहे, याला गादी मिळणार नाही. पण ओढून-ताणून म्हणजे काय हे कळण्यासाठी असे दोन-चार करायलाच हवेत. चांगल्या नाझोकाकेत तिसरी ओळ दोन्ही बाजूंना सारखीच सहज बसते. एका बाजूला जरा ढकलावी लागली की संपलं.

युक्ती अशी: दोन अर्थांचा शब्द आधी शोधा, मग मागे या. शोतेन बघतानाही हाताशी वही ठेवा. ज्या उच्चारावर हशा आला तो फक्त कानाला लागला तसा देवनागरीत लिहा. अर्थ नंतर शोधा. कार्यक्रम थांबवून शोधू नका, लय जाते. देवनागरीत जपानी उच्चार जवळजवळ अचूक उतरतात, हा आपल्याला फुकट मिळालेला फायदा आहे.

राजकारण आणि ताज्या बातम्यांवरचे विनोद मात्र सुरुवातीला सोडून द्या. त्या आठवड्याचं वर्तमानपत्र वाचलं नसेल तर जपानी माणसालाही ते निसटतात.

सहावी पायरी: योसेला जा

टीव्हीवर दोन महिने झाले की राकुगोच्या थिएटरात, योसेमध्ये, जाऊन बसा. शोतेनमधली माणसं दहा सेकंदांची उत्तरं देतात, पण त्यांचं खरं काम वीस-पंचवीस मिनिटांच्या कथेत आहे. ती कथा एकदा ऐकली की टीव्हीवरचा मूर्ख माणूस किती हुशार आहे ते कळतं.

टोकियोत रोज चालणारी चार प्रमुख योसे आहेत: उएनोचं सुझुमोतो, जे 1857 पासून आहे, शिंजुकुचं सुएहिरोतेई, असाकुसाचं आणि इकेबुकुरोचं. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात आणि प्रत्येक भागात कलाकारांची यादी बदलते. तुमच्या आवडीचा कलाकार कुठल्या दहा दिवसांत आहे ते आधी बघून जा. बहुतेक दिवशी तिकीट दारावरच मिळतं.

माझा आग्रह सुएहिरोतेईसाठी. 1946 ची लाकडी इमारत, बाहेर कंदील आणि नावांच्या पाट्या. आत मध्यभागी खुर्च्या आहेत, पण दोन्ही बाजूंना ततामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, बैठका आहेत, तिथे बूट काढून बसा. मांडी घालून बसायची सवय असलेल्याला ती जागा म्हणजे घरची ओसरी. सोबत डबा चालतो, दारू चालत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी न विचारता तांदळाच्या खारवलेल्या कुरकुरीत चकत्यांची पिशवी पुढे केली आणि पुढचे दोन तास जिथे मी हसलो नाही तिथे माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या वेळी मी चिवडा नेला.

तिथे दोन गोष्टी नीट बघा. पहिली, रंगमंचाच्या कडेला कलाकाराच्या नावाचा कागद उलटत असतो. त्यावरची अक्षरं जाड, एकमेकांना चिकटलेली, उजवीकडे किंचित वर चढत गेलेली. कागदावर पांढरी जागा जेवढी कमी तेवढ्या खुर्च्या भरोत, आणि धंदा वर चढो, ही त्यामागची इच्छा. दुसरी, बाहेरच्या फलकावर काही नावं लाल शाईत असतात. ती राकुगो न करणाऱ्यांची: जादूगार, कागद कापून चित्रं करणारे, मान्झाईवाले. शोतेनचा पहिला भाग याच लाल नावांचा असतो. आणि कान उघडे ठेवा: दार उघडण्याआधी ढोल वाजतो तो ‘दोन दोन दोन तो कोई’, म्हणजे गर्दीने या, असं म्हणतो, आणि खेळ संपल्यावरचा ढोल ‘देतेके’, म्हणजे आता निघा.

कथा कळत नसेल तर इंग्रजीतून राकुगो करणारे कलाकार ऐका. 1980 च्या दशकात दुसरे कात्सुरा शिजाकु यांनी इंग्रजीत राकुगो करायला सुरुवात केली. आज कॅनडाचे कात्सुरा सनशाईन ते जगभर करतात. त्यांनी ओसाकातल्या गुरूकडे रीतसर उमेदवारी केली आहे. भारतात बसलेल्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी.

शोतेनचं चित्रीकरण प्रत्यक्ष बघायचं असेल तर ते टोकियो डोमच्या शेजारी कोराकुएन हॉलमध्ये, सुइदोबाशी स्टेशनजवळ होतं. हाच हॉल मुष्टियुद्धासाठी प्रसिद्ध आहे. आधी अर्ज करायचा, सोडतीत नाव लागलं तर जायचं. अर्ज करत राहा.

सातवी पायरी: घरी खेळा

गेल्या गणपतीत टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार कुटुंबं जमली होती. आरती झाली, जेवणं झाली, आणि आम्ही मराठीत ओओगिरी केली. हे तुम्ही पुण्यात, मडगावात, न्यू जर्सीत कुठेही करू शकता.

सहा खेळाडू, एक सूत्रधार, एक गादीवाला. सूत्रधार घरातला असा माणूस निवडा ज्याची थट्टा करायला कुणी घाबरत नाही आणि जो रागावत नाही. गादीवाला लहान मूल असेल तर उत्तम, काढून घेताना त्याला कुणी नाही म्हणत नाही. गाद्या सपाट घ्या. आम्ही पहिल्यांदा सोफ्याच्या उशा घेतल्या. त्या तीनच्या पुढे रचल्या की घसरायच्या. मग चादरींच्या चौकोनी घड्या केल्या, त्या टिकल्या. प्रत्येकाला सुरुवातीला एकेक.

खेळण्याआधी प्रत्येकाचं सोंग ठरवा, आणि ते खऱ्या दुखऱ्या जागेवर बेतू नका. ज्याची नोकरी खरोखर गेली आहे त्याला बेकाराचं सोंग देऊ नका. जो दर रविवारी क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होतो आणि स्वतःच सांगत फिरतो, त्याला ते द्या.

प्रश्न तीनच. पहिला सोपा: ‘गणपती बाप्पा यंदा एक दिवस आधीच आले, दार उघडताच तुम्ही काय म्हणाल?’ दुसरा नाझोकाके, त्याला विचार करायला पाच मिनिटं द्या. तिसरा अक्षरांचा: एखादा तीन-चार अक्षरी शब्द घ्या, जसा ‘मो-द-क’, आणि प्रत्येक अक्षराने सुरू होणारी ओळ जोडून वाक्य करायचं. आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलीने लगेच हात वर केला: ‘मोठ्यांनी, दहा खाल्ले, कुणी मोजले?’ तिचं ‘क’ चुकलं होतं, हे तिच्या भावाने ओरडून सांगितलं. सूत्रधाराने तिला एक गादी दिली आणि भावाची एक काढली.